अक्काचा गुडघा, माझं पोट

३ फेब्रुवारी

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार लिहायला माझी काहीच हरकत नाही. घालायला मात्र आहे. शास्त्राने सांगितलेल्या आठ अंगांत पोट येत नाही, पण हल्ली मी खाली वाकलो की सगळ्यांत आधी तेच जमिनीला टेकतं आणि बाकीची आठही अधांतरी राहतात. तेव्हा हा नमस्कार कागदोपत्रीच मान.

तू फोनवर येत नाहीस. चिमणीने फोन पुढे केला की तू 'झोपलेय म्हणून सांग' असं इतक्या खणखणीत आवाजात म्हणतेस की मला इकडे ऐकू येतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पोराला गोठवणारा आवाज तो, त्याला कुजबुज कशी जमणार? म्हणून पत्र. पत्राला झोपलेय म्हणून सांगता येत नाही. फाडता येतं, पण तू कुठलाही कागद पूर्ण वाचल्याशिवाय फाडत नाहीस, हे मला माझ्या प्रगतिपुस्तकांवरून माहीत आहे.

तुझ्या लेकीने तुझी चहाडी केली असं मात्र समजू नकोस. चिमणी फक्त हवापाण्याबद्दल बोलली आणि मग हवापाण्याबद्दल थोडं रडली. त्या ओघात जे कळलं ते असं. डिसेंबरात गुडघा बदलला, नवा गुडघा छान बसला, पण तो वाकत नाही, कारण तू वाकवत नाहीस. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला तू घालवून दिलंस. जेवण म्हणजे चहा-पाव, तोही पलंगावर. चौदा मार्चला डॉक्टर तपासणार आहेत. तोवर गुडघा काटकोनात आला नाही तर पुन्हा भूल देऊन तो जोर लावून वाकवावा लागेल. आणि पहिल्या भुलीच्या वेळी तुझ्या हृदयाने जो गोंधळ घातला तो बघता दुसऱ्यांदा भूल द्यायला डॉक्टरच कचरतात. नाही वाकवला तर पाय कायमचा काठीसारखा.

यावर मी काहीही बोलणार नाही. जन्मभर शाळेतल्या पोरांना वाकायला लावलेल्या बाईला मी काय वाकायला सांगणार?

मी माझंच रडगाणं गाणार आहे. 'महिनाभरात येते' म्हणून तू लेकीकडे गेलीस आणि इकडे राज्य लयाला गेलं. पहाटे माझ्या खोलीचं दार कोणी वाजवेना. पहिले काही दिवस मी आपणहून फिरायला गेलो. मग फिरायला जाण्याजोगी हवा आहे का हे खिडकीतून बघू लागलो. ती कधीच नसे. मग खिडकीही सोडली. डब्यात काकडी भरायची तर ती आधी चिरावी लागते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्यात माझी नोकरी ही अशी. संस्कृत घेऊन पदवीधर झालो, सहा रस पाठ केले, आणि पोटापाण्याला बिस्किटांच्या कारखान्यात चव घेणारा झालो, जिथे सहापैकी एकाच रसाशी रोज गाठ. आमच्या कामाचा नियम तुला माझ्याइतकाच पाठ आहे: चावायचं, चव घ्यायची, नोंद करायची, कागदी कपात थुंकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची. तू घरात होतीस तोवर मी थुंकत होतो. डिसेंबरपासून माझ्याकडून बिस्किटं गिळली गेली. कर्मणी प्रयोग मुद्दाम केला आहे. गुन्हेगारांना तो फार सोयीचा पडतो.

कारखान्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल बघून विचारलं, "तुम्ही साखर चाखता की साठवता?" वजन उतरवा म्हणाले, व्यायाम करा म्हणाले. जिना चढताना गुडघे कुरकुरतात म्हटल्यावर म्हणाले, बसून करा. मला आठवलं, मैदान ओलं असलं की तू पोरांना वर्गात बसवून खुर्चीतला एक व्यायाम द्यायचीस, गुडघ्यांचा. पाय पुढे ताठ करून छताकडे न्यायचा, असंच ना तो? मी उद्यापासून तसाच करणार आहे. चुकत असेन तर कळव. चुकत नसेन तर तसदी घेऊ नकोस.

तुझा
ठोंब्या


९ फेब्रुवारी

चि. चिमणे,

तुझ्या आईचं पत्र आलं. मायना नाही, तारीख नाही, सही नाही. मजकूर जसाच्या तसा देतो: "छताकडे नाही. मागे. खुर्चीखाली. ठोंब्या."

काल फोनवर तू म्हणालीस, "मामा, चार शब्दांत एवढं हुरळून जाण्यासारखं काय आहे?" ते आता नीट सांगतो, कारण पुढचं काम तुला करायचं आहे.

तुझी आई व्यायाम तोंडाने शिकवत नाही. कधीच शिकवला नाही. शाळेत जायच्या आधी, त्या दिवशी पोरांकडून जे करून घ्यायचं ते ती घरी स्वतः करून बघायची. मी चहा पीत असायचो आणि ही बया जेवणाच्या टेबलाशेजारी उलटी. "जे मी आज केलं नाही ते मी आज कुणाला सांगणार नाही," हे तिचं ब्रीद. एकदा मान लचकली होती तर तिने त्या आठवड्यात अख्ख्या शाळेला कोलांटी मारू दिली नव्हती. आता सांग, 'मागे, खुर्चीखाली' हे शब्द लिहिण्याआधी ती काय करून बसली असेल? तू म्हणालीस ना, बंद दारामागून काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि तुझ्या काळजात धस्स झालं, आई पडली की काय म्हणून? पडली नव्हती गं. शिकवत होती.

तर मी आता चुकीचं विचारत राहणार आणि ती मला सुधारत राहणार. चुका करण्याच्या बाबतीत मी कमी पडणार नाही याची तुला खात्री असेलच.

तुझ्याकडून एवढंच हवं. तिच्या खोलीत एक साधी खुर्ची ठेव, बिनचाकाची, आणि ती का ठेवली हे सांगत बसू नकोस. दार लावलेलं असेल तर लावलेलं राहू दे. जावईबापूंना सांग, फटीतून बघायचं नाही. आणि काहीही झालं तरी कौतुक करू नकोस. त्या व्यायामवाल्या पोरीने काय केलं होतं ते तूच मला सांगितलंस: पाय जरासा हलला तर "शाब्बास आजी!" म्हणून टाळ्या पिटल्या. तिच्या मनात वाईट नसेल. पण जिने उभा जन्म शाब्बास कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हे ठरवलं, शाळेत जिला पोरं शिट्टीबाई म्हणून चळाचळा कापायची, तिला टाळ्या? मीसुद्धा हाकललं असतं.

पाव हळूच घरातून नाहीसा कर. 'आई, हे खा' म्हणू नकोस. उकडलेलं अंडं, दही, भाजी समोर ठेव आणि म्हण, "मामाला हे खायला सांगितलंय, तो विचारतोय याला चव आहे का?" मत द्यायचं म्हटलं की ती खाईल. ठणठणीत मत देण्यासाठी ताट रिकामं करावं लागतं, असं तिचं मत आहे.

आणि फोन ठेवता ठेवता विचारलंस, "पण मामा, तू स्वतः करतोस ना हे सगळं?" चिमणे, औषधाच्या बाटलीने स्वतः औषध प्यायचं असतं का? माझं मी बघून घेईन. तू चौदा मार्च बघ.

मामा


१७ फेब्रुवारी

तीर्थरूप अक्का,

तुझ्या पत्रांनी माझ्या टेबलावर आता एक छोटीशी संहिता तयार झाली आहे. सूत्रं तुझी, भाष्य माझं. "पायाखाली कागद घे, मूर्खा, नाहीतर पाऊल सरकणार कसं." "सरकवून झटकन सोडायचं नसतं. धरून ठेव." "पाऊल तिथेच रोवून कंबर पुढे घे, म्हणजे आणखी वाकतो. आधीच का विचारलं नाहीस?" इतकं कमी बोलून इतका अपमान करणं हे फार थोड्यांना साधतं.

माझी प्रगती ऐक. रोज सकाळी, दात घासून झाले की मी आपल्या जेवणाच्या टेबलापाशी बसतो, पायाखाली कालचं वर्तमानपत्र घेतो आणि पाऊल मागे सरकवतो. सुरुवातीला कुठे जेमतेम खुर्चीच्या कडेपर्यंत जायचं. काल थेट मागच्या पायापर्यंत पोचलं! म्हणजे खुर्चीच्या मागच्या पायापर्यंत. माणसाला मागचे पाय नसतात, निदान आपल्या घराण्यात. पाऊल सुळकन गेलं, लोण्यातून सुरी जावी तसं. त्रास म्हणशील तर शून्य. मला तर वाटतं हा व्यायाम माझ्यासाठी जरा सोपा होतो आहे. याहून अवघड काही असेल तर लिही.

समोरच्या टेबलावर बसणारी आमची कुरकुरबाई, जिचं काम बिस्किट मोडताना आवाज बरोबर येतो की नाही हे ऐकण्याचं, ती परवा म्हणाली, "चेहरा उजळलाय तुमचा." मी म्हटलं, व्यायाम. ती म्हणाली, "लोणीही असू शकतं." असूया, दुसरं काय.

जेवणाचंही मार्गी लागलं आहे. उकडलेली अंडी, दही, काकडी. चिमणीने कळवलं की दह्याबद्दल तुझं मत 'आंबट, पण खाण्यासारखं' असं आहे आणि अंड्याबद्दलचं मत पक्कं करायला तुला दुसरं अंडं लागलं. तुझ्या मतांवर मी विसंबून आहे, देत राहा.

वजनाचं विचारू नकोस. वजन ही स्थूल गोष्ट आहे, मी सध्या सूक्ष्मात आहे.

तुझा आज्ञाधारक
ठोंब्या


२६ फेब्रुवारी

अक्का,

तुझं पत्र काल आलं. तुझ्या आजवरच्या पत्रांत सगळ्यांत लांब. ते मी इतक्या वेळा वाचलं की मला पाठ झालं आहे, तरी समोर ठेवून उतरवतो, म्हणजे मी त्यातलं काही गाळलं असं तुला वाटायला नको.

"जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या मी घेतल्या आहेत, तू नाही. चारही खुर्च्यांना पुढच्या दोन पायांच्या मध्ये खाली आडवी दांडी आहे. पाऊल मागच्या पायापर्यंत गेलं कुठून? दांडीतून? तू एक दिवसही बसलेला नाहीस. जो करतो त्याला पहिल्याच दिवशी दांडी लागते. आणि करायचं नव्हतं तर विचारत का होतास, ते आता कळलं. तू आणि चिमणी मिळून मला खेळवत होता. ती टाळ्या वाजवणारी पोर निदान माझ्या तोंडावर टाळ्या वाजवत होती. आता मी काही करणार नाही. चौदा तारखेला कुठे जाणारही नाही."

पत्र वाचून मी टेबलाखाली वाकून बघितलं. दांडी आहे. तिच्यावर धूळही होती, म्हणजे साक्षीदार बिनतोड.

चिमणीचा फोन आला. तू खुर्ची ढकलत खोलीबाहेर आणून ठेवलीस आणि दार लावून घेतलंस. ती म्हणाली, "मामा, तुझ्या शहाणपणाने घात केला." बरोबर आहे. तिला रागावू नकोस. बेत माझा होता, तिने फक्त खुर्ची ठेवली.

आजचं पत्र थट्टा न करता लिहायचं असं ठरवून बसलो आहे. जमेल असं वाटत नाही, कारण थट्टाही खाण्यासारखीच आहे, हात आपोआप जातो. पण प्रयत्न करतो.

पाऊल सरकवलं हे खोटं. काकडी खोटी, अंडी खोटी. मी रोज सकाळी अंथरुणात पडून तुला काय लिहायचं ते जुळवत होतो आणि जुळलं की खूश होऊन लोणी लावलेला पाव खात होतो. कुरकुरबाईचा कान म्हणजे कान आहे.

पण साखर खरी आहे. जिन्यात लागणारी धाप खरी आहे. तू गेल्यावर मी फिरायला गेलो नाही हेही खरं. आणि तुझ्या सगळ्या 'मूर्खा' आणि 'ठोंब्या' मी परत परत वाचत होतो, हे तर सगळ्यांत खरं. तुला खेळवायला पत्रं लिहिली हे कबूल. पण तुझं पत्र आलं की मला बरं वाटत होतं, तो खेळ नव्हता.

मला तुझ्या गुडघ्याची भीती वाटते, अक्का. हृदयाची त्याहून जास्त. पहिल्या वेळी ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी होतो. आत काय झालं ते आम्हाला कुणी लवकर सांगितलं नाही. ते बसणं मला पुन्हा बसायचं नाही. हे मी पहिल्याच पत्रात सरळ लिहायला हवं होतं. सरळ लिहायची सवय मोडली आहे, तीही.

आज संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या सुताराकडे करवत मागायला गेलो. त्याने विचारलं, "काय कापायचंय?"

"खुर्चीची दांडी."

"का हो? चांगली खुर्ची खिळखिळी होईल."

"माझा पाय अडतो."

"मग दुसऱ्या खुर्चीत बसा की."

"दुसरीलाही दांडी आहे. तिसरीलाही. माझ्या बहिणीने घेतल्यात."

तो वर आला आणि मला करवत न देता स्वतःच कापून गेला. मी खूप वेळा 'सावकाश' म्हणालो म्हणून शेवटी म्हणाला, "तुम्ही तिकडे जाऊन बसता का?"

एका खुर्चीची दांडी गेली आहे. तू आलीस की ओरड. मी आता त्या खुर्चीत बसून बघणार आहे. तुला खरंखोटं करायचं असेल तर काय विचारायचं ते विचार. मला उत्तर माहीत असेल, किंवा नसेल.

ठोंब्या


५ मार्च

अक्का,

तुझा प्रश्न मिळाला: "कुठे दुखलं, आणि काय उचललं गेलं?" परीक्षा लेखी असली तरी प्रामाणिकपणे सोडवतो.

दुखलं गुडघ्यात नव्हे, गुडघ्याच्या वर, मांडीच्या पुढच्या बाजूला. कोणीतरी आतून दोरी ताणत असल्यासारखं. उचलली गेली आधी टाच. टाच दाबून धरली तर त्याच बाजूचा नितंब खुर्चीवरून सुटला. (कारखान्यात हा शब्द चालत नाही. तुला चालेल.) म्हणजे आपलं शरीर एका ठिकाणी पकडलं की दुसऱ्या ठिकाणाहून पळ काढतं, माझ्या स्वभावाशी फार मिळतंजुळतं आहे. मी तोंडाने जे बोललो ते इथे लिहीत नाही. संस्कृतात त्याला प्रतिशब्द नाहीत.

आणि मग मी तसाच बसून राहिलो. माझा गुडघा जुना असला तरी माझा आहे. त्याला कुणी कापलेलं नाही, त्यात धातू नाही, टाके नाहीत. तरी डोळ्यांत पाणी आलं. तू तुझा तसला गुडघा मागे ओढत होतीस, माझ्या खोट्यानाट्या प्रश्नांसाठी, दार लावून. आणि इकडे मी लिहीत होतो की लोण्यातून सुरी. ती ओळ आठवली की अजून कान तापतात. दार का लावायचीस तेही कळलं. ज्या आवाजाला पोरं घाबरायची, त्याच आवाजात कण्हताना कुणी ऐकू नये.

मला हे माहीत नव्हतं, अक्का. गुडघा वाकवायचा म्हणजे वाकवायचा, त्यात काय, असंच वाटत होतं मला. त्या टाळ्यावाल्या पोरीलाही तसंच वाटत असणार.

आता माझा आठवडा. रोज सकाळी खुर्चीत बसलो. डब्यात काकडी नेली. चिरली, एका बोटासकट. चालत कारखान्यात गेलो, येताना बसने आलो. थुंकायला पुन्हा सुरुवात केली. सवय मोडल्यावर थुंकणंसुद्धा नव्याने शिकावं लागतं. पहिल्या दिवशी घास तोंडात धरून इतका वेळ बसलो की साहेबांना वाटलं मी विचार करतोय.

आणि मंगळवारी घसरलो. आल्याची नवी बिस्किटं आली. पहिलं थुंकलं. दुसरं थुंकलं. तिसरं जरा गरम होतं. मग बशी रिकामी झाली तेव्हाच भानावर आलो. (कर्मणी नाही. मी खाल्ली. कर्तरी.) त्यानंतर मनात आलं ते असं, की झालं, बुडालंच आहे, आता जेवणालाही लोणी-पावच घेऊ, उद्या कशाला उठायचं, सोमवारपासून बघू.

कुरकुरबाई समोरून बघत होती. म्हणाली, "किती गिळलीत?"

"मोजली नाहीत."

"मग आता काय?"

"आता काय! गेला हा आठवडा."

"आठवडा कसा गेला? बशी गेली." तिने माझ्यापुढे कोमट पाण्याचा ग्लास सरकवला. "सकाळी गिळलंत म्हणून दुपारीही गिळायचं, असं कुठे लिहिलंय? चूळ भरा. पुढची बशी येतेय."

चूळ भरली. पुढची थुंकली. दुपारी काकडी खाल्ली, राग राग करत. बुधवारी सकाळी खुर्चीत बसलो. तेवढंच. यात मोठं काही झालं नाही, आणि वजन एका रेघेने हललंय की काटा म्हातारा झालाय ते कळत नाही.

चौदा तारखेला जा असं मी म्हणणार नाही. गुडघा तुझा, दुखणं तुझं, हृदयही तुझं. मला आता एवढंच ठाऊक आहे की दुखतं, आणि कुठे दुखतं. मी रजा टाकली आहे. तू गेलीस तर मी दवाखान्यात येईन. नाही गेलीस तर घरी येऊन तुझ्या दारापाशी बसेन. आत बोलावलंच पाहिजे असं नाही.

ठोंब्या


१४ मार्च, दवाखान्यातला बाक

अक्का,

हे पत्र पोस्टात पडायचं नाही. तू आत आहेस आणि मला हातांना काहीतरी काम हवं आहे. समोर फळांचा रस देणारं यंत्र आहे, त्याच्या खालच्या खणात चॉकलेटं आहेत, म्हणून लिहितो आहे.

मी स्टेशनवरून थेट इकडे आलो तेव्हा दार नुकतंच लागलं होतं. तू मला बघितलं नाहीस. चिमणी माझ्या शेजारी बसली आहे आणि ओढणीच्या टोकाला गाठी मारते आहे.

तिने सांगितलं ते लिहितो, म्हणजे खोटं असेल तर तू खोडशील. माझं मागचं पत्र तुला मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बघते तर बाहेरची खुर्ची बाहेर नव्हती. नंतर रोज दारामागून तुझा आवाज यायचा. मी विचारलं, कण्हण्याचा?

"नाही रे मामा. शिव्यांचा."

"कुणाला?"

"तुलाच. पाय मागे घेताना एक, धरून ठेवताना एक. सोडताना सगळ्यांत मोठी."

"आणि तू?"

"मी बाहेर उभी. शाब्बास म्हणायचं नाही म्हणून ओठ चावत."

काल संध्याकाळी तिने तुला विचारलं, वाकतो का गं आता? तू म्हणालीस, "मला काय विचारतेस, डॉक्टर मोजेल." म्हणजे आम्हाला कुणालाच काही माहीत नाही. मघाशी एक नर्स कागद घेऊन आत गेली. भुलीच्या संमतीचा कागद पिवळा असतो. डिसेंबरात मी त्याच्यावर सही केली होती. हा कुठल्या रंगाचा होता ते मला दिसलं नाही. चिमणी म्हणते पांढरा. ती बरं वाटावं म्हणूनही म्हणत असेल. आमच्या घराण्यात ती खोड आहे.

अजून दार बंद आहे.

आतून तुझा आवाज आला. शब्द कळले नाहीत. शिवी नव्हती, एवढं नक्की. पण ते चांगलं की वाईट?

दार उघडलं.

तू आलीस. हातात काठी. माझ्याकडे एकदा बघितलंस, माझ्या पोटाकडे एकदा, आणि समोरच्या बाकावर जाऊन बसलीस. चिमणी उठून उभी राहिली आहे.

"आई, काय म्हणाले डॉक्टर?"

"काय म्हणणार?"

"अगं, भूल..."

"तुला दिसत नाही का? बसलेय ना."

बसली आहेस. समोरचा नर्सचा बाक, बुटका, लोखंडी. त्यावर तू माणसं बसतात तशी बसली आहेस. दोन्ही गुडघे वाकलेले. दोन्ही पावलं शेजारी शेजारी, फरशीवर सपाट. टाच उचललेली नाही. मी बघितलं. दुसरं काही उचललं गेलंय का तेही बघितलं. नाही.

"भूल नको म्हणाला," तू म्हणालीस. "काटकोन आलाय, जेमतेम. घरी करत राहा म्हणाला. मी म्हटलं, ते मला सांगू नका." आणि मग माझ्याकडे वळून: "ठोंब्या, खरडतोयस काय केव्हाचा? मिटव ते. एकच मजला उतरायचाय, जिन्याने जाऊ."

चिमणी म्हणते आहे, आई, लिफ्ट आहे. तू म्हणते आहेस, तू जा लिफ्टने, हा माझ्याबरोबर येईल, याला गरज आहे.

थांबतो. तू उठलीससुद्धा.